एकशे त्र्याऐंशी पुडकी

चोरीला गेली होती पुस्तकं. एक-दोन नव्हेत, एकशे त्र्याऐंशी; आणि सगळी एकाच कादंबरीची.

मास्तरांना हसू आलं. ते त्यांनी खोकल्याखाली दडपलं, पण समोर बसलेल्या बाईंच्या नजरेतून सुटलं नाही.

"हसा तुम्ही," त्या म्हणाल्या. "पोलीसही हसले. म्हणाले, रद्दी कोण चोरतं हो?"

"भाऊजी, चहा ओता," मावशी म्हणाल्या. हे मास्तरांना गप्प करायचं त्यांचं नेहमीचं वाक्य होतं.

मावशींनी तीस वर्षं विमा कंपनीत दावे तपासले होते. दुकान जळलं की जाळलं, हे त्या दारातूनच सांगत. निवृत्तीनंतर त्यांनी खासगी तपासाची कामं घ्यायला सुरुवात केली. मास्तर हे त्यांच्या दिवंगत बहिणीचे यजमान. चाळीस वर्षं भूगोल शिकवून आता खालच्या मजल्यावर एकटेच राहत, सकाळच्या चहाला वर येत आणि रात्रीच खाली जात. नकाशातलं हरवलेलं गाव ते शोधून काढतील. डोळ्यावरचा चष्मा शोधायला मात्र मेव्हणी लागायची.

बाई चाळीस-बेचाळीसच्या. दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसून पेशंटना नंबर देणं ही नोकरी, आणि लिहिणं हा जीव. वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या एका बाईची कादंबरी त्यांनी लिहिली होती. तीन प्रकाशकांनी ती साभार परत केली.

"मग म्हटलं, नकोत प्रकाशक. वाचकांकडेच जाऊ. जो वर्गणी भरेल त्याला दर महिन्याला एक प्रकरण मेलने पाठवायचं, आणि वर्षाअखेरीस छापील पुस्तक घरपोच. शेवटच्या पानांवर सगळ्या वर्गणीदारांची नावं." बोलता बोलता त्यांचा चेहरा उजळला. "एकशे त्र्याऐंशी झाले हो! पत्रं लिहितात मला. दुसऱ्या कादंबरीलाही पाठीशी राहू म्हणालेत. त्या जोरावर मी राजीनामा दिलाय."

"कधी?"

"महिना होत आला. या शनिवारी शेवटचा दिवस. डॉक्टर चांगले आहेत. म्हणाले, शनिवारपर्यंत मन बदललं तर कागद फाडून टाकू." त्यांनी पदर बोटाला गुंडाळला. "सोमवारी सगळी पुडकी पत्ते घालून तयार होती. मंगळवारी पोस्टात टाकायची होती. पण सोमवारी संध्याकाळी घरी आले तर पुढची खोली रिकामी. पुन्हा छापायला माझ्याकडे दमडी नाही. ज्यांना पहिलंच पुस्तक मिळालं नाही ते दुसऱ्याला कशाला वर्गणी देतील? पुस्तकं मिळाली तर मी लिहिणार. नाहीतर पुन्हा काउंटरवर. मला शनिवारच्या आत कळायला हवं, मावशी."

"वाचकांना कळवलंत?"

"त्याच संध्याकाळी सगळ्यांना मेल केला. इतके चांगले आहेत हो सगळे! 'काळजी करू नका, पुस्तक नसलं तरी चालेल, तुम्ही लिहीत राहा.' नऊ जण सोडले तर."

"त्या नऊ जणांचं काय?"

"ते पुस्तक नाहीतर पैसे मागतात. एका टायरवाल्याने तर नको नको ते लिहिलं. मी रात्रभर रडले."

मावशींनी हे वहीत टिपलं. वाचकांच्या पत्रांची जाडजूड फाइल, वर्गणीदारांची यादी आणि पर्समध्ये उरलेली कादंबरीची एकुलती एक प्रत, तिन्ही ठेवून घेतली. कादंबरी वाचायचं काम अर्थातच मास्तरांच्या गळ्यात पडलं.

दुपारी दोघं बाईंच्या घरी पोचले. बाईंनी दारावर टकटक केली आणि दार आपोआप उघडलं. मास्तर दचकलेच.

"घाबरू नका," बाई म्हणाल्या. "कडीला दोरी बांधलीय, ती आत माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या पलंगापर्यंत जाते. सकाळी नर्स येते तिच्यासाठी. अकराला ती गेली की मी सहाला येईपर्यंत अण्णा एकटेच असतात."

पुढच्या खोलीत भिंतीलगत पुडक्यांची अकरा पोती उभी होती म्हणे. आता फक्त फरशीवर धुळीची चौकट होती. शिलाई मशीन जागेवर, घड्याळ जागेवर, कपाटाला हातही लागला नव्हता.

आतल्या खोलीत अण्णा उशांना टेकून बसले होते. खुब्याचं हाड गेल्यापासून पलंग सुटला नव्हता. एके काळी टेलिफोन एक्स्चेंजचे मुख्य ऑपरेटर होते. आवाज अजून असा खणखणीत, की मास्तर नकळत सावरून उभे राहिले.

"बसा, बसा. लाइन मोकळी आहे," अण्णा म्हणाले आणि स्वतःच हसले. मांडीवरचा टॅब त्यांनी पालथा घातला. "दिवसभर यावर बुद्धिबळ खेळतो. हरतो."

"सोमवारी काही ऐकलंत?" मावशींनी विचारलं.

"बाराची गोळी घेतली की मी मेल्यासारखा झोपतो. काही ऐकलं नाही."

"ऑपरेशन करून घ्या म्हणून किती मागे लागले," बाईंचा स्वर तक्रारीचा, पण हात उशी सारखी करत होते. "दोनदा तारीख मिळाली, दोनदा यांनी पुढे ढकलली. पैसे बाजूला ठेवलेत, तरी हट्ट! मार्चमध्ये छातीत कफ झाला तेव्हा आठ दिवस इस्पितळात काढले. धावपळीत मी सातवं प्रकरण कसंबसं पाठवलं, आणि ते सपशेल पडलं. एरवी शंभर-शंभर पत्रं यायची, त्या वेळी चार आली. मग ते प्रकरण मी पुन्हा नव्याने लिहिलं."

"तुम्ही वाचता का अण्णा, लेकीचं?"

"डोळे कुठे साथ देतात? ती वाचून दाखवते. वहीत उतरलं की संध्याकाळी मला ऐकवते. पहिला श्रोता मी." म्हातारा क्षणभर इतका सुखावला, की मास्तरांना त्यांचा हेवा वाटला.

समोर इस्त्रीवालीचं दुकान होतं. तिच्या नजरेतून गल्लीतलं मांजरही सुटत नसे.

"चोर? कुठला चोर?" ती म्हणाली. "साडेबाराला टेम्पो आला. माणसाने टकटक केलं, दार उघडलं, अकरा पोती नेली. जाताना आत तोंड करून ओरडला, 'दार ओढून घेतो!' मला वाटलं, पोस्टात चालली पुस्तकं. चोर कधी दार ओढून घेतात का?"

परतताना मास्तर म्हणाले, "हे बाईंच्या भावाचं काम. लिहून ठेवा."

"लिहिते. पण आधी त्याला भेटू तर."

धाकटा भाऊ बाईंच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहत होता. विजेचे मीटर वाचत दिवसभर गल्लीबोळ फिरायचं काम. म्हणजे सोमवारी दुपारी तो नेमका कुठे होता, हे त्याचा तोच जाणे.

"हो, मला नकोच होती ती पोती," त्याने आढेवेढे घेतले नाहीत. "स्कूटर लावायला जागा नाही. आणि ताईने नोकरी सोडलेली मला मुळीच पसंत नाही. गोष्टी सांगून घर चालतं का? पण म्हणून मी तिची पुस्तकं उचलीन? तुम्ही तिला पाठवताना पाहिलंय का कधी? महिन्याच्या पहिल्या तारखेला प्रकरण पाठवायची आणि दहा-दहा मिनिटांनी लॅपटॉप उघडून बघायची, कुणाचं काही आलं का. मी तिच्याशी भांडतो, पण तिचं वाईट नाही चिंतत."

"तुम्ही कादंबरी वाचलीत?"

"मी मीटर सोडून काही वाचत नाही."

गुरुवारी सकाळी छापखाना. छापखानेवाला आधी वाऱ्याला उभा राहीना, मग एकदम फुटला. "चाळीस-एक प्रतींत एक फॉर्म उलटा लागलाय. म्हणजे सोळा पानं खाली डोकं वर पाय. बांधून झाल्यावर लक्षात आलं. बाईंना सांगायची हिंमत होईना."

"म्हणजे पुस्तकं गेली ती तुमच्या पथ्यावरच पडली," मावशी म्हणाल्या.

"पडली असती. पण आता सगळे म्हणतील, यानेच पळवली. मी तर म्हटलं होतं, जास्त छापा, थोड्या प्रती माझ्याकडे राहू द्या. त्या म्हणाल्या, मोजून एकशे त्र्याऐंशी आणि एक माझी."

"तुम्ही कादंबरी वाचलीत?"

"शेवटची फाइल आली, ती लावली. वाचायला वेळ कुणाला आहे?"

मुखपृष्ठ काढलं होतं बाईंच्या मैत्रिणीने. ती दुकानांच्या पाट्या रंगवायची. शिडीवरून न उतरताच तिने उत्तरं दिली.

"राग आलाय मला, खोटं कशाला बोलू? मुखपृष्ठ माझं आणि पुस्तकात माझं नाव नाही. विसरली म्हणे. एकशे त्र्याऐंशी परक्यांची नावं आठवली, माझं नाही! तिची कच्ची वही वाचून मीच तर सुचवायची, हे काढ, ते ठेव. शेवटाकडचा एक रडका प्रसंग मी भांडून काढायला लावला. लोकांना पाठवायच्या आधी काढला म्हणून बरं."

"सोमवारी दुपारी?"

"याच शिडीवर. हा सगळा रस्ता साक्षीला आहे."

दुपारी मावशींनी मास्तरांना यादीतले पाच पत्ते दिले आणि सांगितलं, या वाचकांना भेटून या. स्वतः टेलिफोन घेऊन बसल्या.

मास्तर संध्याकाळी परतले ते पाय ओढत.

"मेव्हणीबाई, ही यादी जुनी दिसते. पहिल्या पत्त्यावर गाड्या लावायचं मैदान. दुसऱ्यावर बँक. तिसरी गल्ली तर रस्ता रुंद केला तेव्हाच गेली, मी स्वतः मुलांना तो नकाशा बदलून शिकवला होता. चौथ्या पत्त्यावरचे गृहस्थ वीस वर्षांपूर्वी वारले. बिचाऱ्या बाई! पत्ते नीट तपासून घ्यायला हवे होते."

"आणि पाचवा?"

"पाचवा तो टायरवाला. तो मात्र जिवंत आहे, फारच जिवंत आहे! मला धरूनच बसला. 'बारा महिने एक एक प्रकरण वाचलं, आता पुस्तक कुठाय?' मी म्हटलं, पत्र का नाही लिहिलंत कधी? तर म्हणे, 'पत्रंबित्रं मला जमत नाहीत. पुस्तक द्या, नाहीतर पैसे द्या.'"

"बरं झालं," मावशी म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा बरं झाल्यासारखा दिसत नव्हता.

शुक्रवारी सकाळी मास्तर कादंबरी बगलेत मारून वर आले. रात्री दोनदा पुस्तक छातीवर ठेवून झोप लागली होती, पण शाळामास्तराच्या इमानाने त्यांनी शेवटचं पान गाठलं होतं.

"संपवली. पण विहीर कुठाय?"

"कसली विहीर?"

"अहो, फाइलमधल्या पत्रांत सहा जणांनी लिहिलंय. 'ती खोटं वजन विहिरीत टाकते तो प्रसंग वाचून डोळे भरून आले.' मी शेवटपर्यंत वाट बघितली. या पुस्तकात विहीरच नाही. उलट्या फॉर्ममध्ये गेली म्हणावं, तर ही प्रत धड आहे. पानं सगळी आहेत, मी मोजली."

मावशी उभ्या होत्या त्या खाली बसल्या. फाइल उघडून ती पत्रं पुन्हा पाहिली. मग म्हणाल्या, "भाऊजी, आजवर तुम्ही विचारलेला हा सगळ्यात शहाणा प्रश्न."

मास्तर खुश झाले. का, ते त्यांना कळलं नव्हतं.

संध्याकाळी साडेसहाला अण्णांच्या खोलीत मंडळी जमली. बाई दवाखान्यातून नुकत्याच आल्या होत्या, पर्स अजून खांद्यालाच होती. धाकटा दाराला टेकून उभा. मास्तर स्टुलावर.

"मिळाली पुस्तकं?" बाईंनी विचारलं.

"नाही. आणि मिळणारही नाहीत. मंगळवारीच लगदा झाला त्यांचा." मावशी पलंगाकडे वळल्या. "तुम्ही सांगता, की मी सांगू?"

अण्णा भिंतीकडे बघत राहिले.

"काय सांगायचंय?" बाई म्हणाल्या. "अण्णांना काय विचारताय?"

मावशींनी मग बाईंकडे बघूनच बोलायला सुरुवात केली. आवाज चढवला नाही.

"घरातलं काही गेलं नाही, फक्त पुडकी गेली. विकली तर रद्दीचा भाव. म्हणजे नेणाऱ्याला ती स्वतःसाठी नको होती. ती पोस्टात पडू नयेत एवढंच त्याला हवं होतं. पोस्टात पडली असती तर काय झालं असतं?"

"वाचकांना मिळाली असती," बाई म्हणाल्या.

"नऊ जणांना. पैसे भरलेल्या माणसाची वस्तू गेली की तो चिडतो, बाई. तीस वर्षं मी दुसरं काही पाहिलं नाही. तुमच्यावर नऊ जण चिडले आणि एकशे चौऱ्याहत्तर जणांनी एका संध्याकाळीत माफ केलं. इतके संत एका यादीत नसतात. भाऊजी पत्ते शोधायला गेले तर मैदान, बँक, नसलेली गल्ली. ती पुडकी पोस्टाने एकेक करून तुमच्याच दारात परत आणून टाकली असती."

बाई हसल्या. खरंच हसल्या. "काहीतरीच काय! पत्रं आहेत माझ्याकडे. फाइल तुम्हाला दिलीय."

"पत्रांत विहीर आहे. सहा पत्रांत."

"आहे ना! अकराव्या प्रकरणात, ती वजन विहिरीत टाकते..." आणि बाई थांबल्या.

"पुस्तकात नाही. वाचकांना पाठवलेल्या प्रकरणातही नाही. मी आज तुमच्या मैत्रिणीला विचारलं. पाठवायच्या आधीच तुम्ही ती काढलीत. पण लिहिणाऱ्याच्या डोक्यात कच्चं, पक्कं, खोडलेलं सगळं एकत्रच नांदतं. पत्रं वाचताना तुम्हाला खटकलं नाही. विहीर माहीत कुणाला होती? तुम्हाला, वही वाचणाऱ्या मैत्रिणीला आणि वही ऐकणाऱ्याला. छापखान्यात शेवटची फाइल गेली, धाकटे काही वाचत नाहीत. राहिली मैत्रीण आणि अण्णा."

"तिने केलं असेल," धाकटा घाईने म्हणाला. त्यालाही आता उत्तर नको होतं.

"मार्चमध्ये ती धडधाकट होती, शिडीवर होती. पत्रं लिहायला तिला कुणी अडवलं नव्हतं. मग त्याच आठ दिवसांत पत्रं का आटली? तुमचं सातवं प्रकरण पडलं नव्हतं, बाई. तुमचे वाचक इस्पितळात होते."

मावशींनी पलंगाला बांधलेल्या दोरीकडे बोट दाखवलं.

"सोमवारी टेम्पोवाल्याने टकटक केली आणि दार उघडलं. ही दोरी ओढली म्हणून उघडलं. गोळी घेऊन झोपलेल्या माणसाला कुणी 'दार ओढून घेतो' असं सांगत नाही. मी रद्दीच्या गोदामांना फोन लावले. तिसऱ्याला आठवलं. म्हणाला, एका साहेबांनी फोनवर बोलावलं होतं, आवाज अगदी खणखणीत."

बाई पलंगाच्या कडेला बसल्या. "अण्णा?"

अण्णांनी टॅब सरळ केला, पुन्हा पालथा घातला. "एक्स्चेंजचे ग्राहक आहेत सगळे," ते म्हणाले. "नावं, पत्ते अजून तोंडपाठ आहेत मला. मेले असतील आता बरेच. पहिल्या महिन्यात तुला नऊच आले होते, बाळ. तू रात्री जेवताना लॅपटॉप शेजारी घेऊन बसायचीस. मला बघवेना. या टॅबवरून मेल आणि पैसे कसे पाठवायचे ते नर्सच्या भाच्याकडून शिकून घेतलं आणि तुझ्या वर्गणीदारांत एक नाव घातलं. त्या दिवशी तू स्वयंपाक करताना गुणगुणत होतीस. मग दुसरं घातलं. मग थांबता येईना."

"पैसे कुठून आणलेत?" धाकट्याने विचारलं.

बाईंची नजर चादरीखालच्या त्या वाळक्या पायांवर गेली आणि तिथून हलेना.

"ऑपरेशनचे," त्या म्हणाल्या. "सगळे?"

"मी चालून कुठे जाणार होतो?"

"आणि मी नोकरी सोडली तेव्हा? तेव्हा तरी बोलायचं होतंत!"

"बोललो की! तीस जणांकडून लिहिलं, नोकरी सोडू नका, आधी घर बघा. तू ती पत्रं मलाच वाचून दाखवलीस. म्हणालीस, बघा अण्णा, किती जीव आहे माझ्या वाचकांचा माझ्यावर! आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा देऊन आलीस." म्हाताऱ्याचा तो खणखणीत आवाज फाटला. "पुडकी परत आली असती तर तू एका दिवसात मेली असतीस. मला वाटलं, चोरी झाली तर निदान चोराला शिव्या देशील."

"त्या नऊ जणांची तरी ठेवायची होती," मास्तर न राहवून म्हणाले.

"उठून वेचता आली असती तर ठेवली नसती का, मास्तर?"

मास्तरांना आपलं तोंड कुठे लपवावं कळेना.

बाई एकदम ताठ झाल्या. काहीतरी आठवलं होतं. "मी उत्तरं पाठवायचे," त्या हळूच म्हणाल्या. "प्रत्येकाला. त्या एक विधवा बाई होत्या, दर आठवड्याला लिहायच्या. त्यांना मी... त्यांना मी घरचंही लिहायचे. दिवाळं निघालंय माझं, अण्णांना उचलून उचलून पाठ गेली, कधीकधी वाटतं एकदा सुटावं यातून. ते..."

"वाचलं," अण्णा म्हणाले.

"आणि तुम्ही उत्तर लिहिलंत, की असं वाटण्यात काही चूक नाही. स्वतःला दोष देऊ नका."

"नव्हतीच चूक."

बाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. धाकटा पुढे झाला, मग तिथेच थांबला. बहिणीला हात लावायची त्या घराला सवय नव्हती.

मावशींनी आपली वही मिटली. "उद्या शनिवार आहे, बाई. डॉक्टरांना फोन करा."

"हो." बाई उठल्या, तोंड धुतलं, फोन लावला. राजीनामा मागे घेते म्हणून सांगितलं. पलीकडून डॉक्टरांचा आनंदी आवाज सगळ्यांना ऐकू आला. सोमवारी नेहमीच्या वेळेला या म्हणाले. बाईंनी दोनदा आभार मानले. मग वही काढून नऊ नावं लिहून घेतली. दर महिन्याच्या पगारातून एकेकाचे पैसे परत करायचे होते. दुसऱ्या कादंबरीची कच्ची वही कपाटावर होती. ती त्यांनी धाकट्याच्या हातात दिली आणि वर माळ्यावर टाक म्हणाल्या. त्याने एकदा अण्णांकडे पाहिलं आणि टाकली.

अण्णा म्हणाले, "पत्रांत जे लिहिलं ते खोटं नव्हतं, बाळ. मला खरंच आवडली होती. विहीर तर फारच."

"तुम्ही माझे वडील आहात," बाई म्हणाल्या. "मला ते आता कळायचं कसं?"

मावशींनी फी घेतली नाही. निघताना पुढच्या खोलीत मास्तरांनी कादंबरीची प्रत परत दिली, तेव्हा बाईंनी ती घेतली आणि सोडली नाही. मास्तरांचा हातही सोडला नाही.

"मास्तर, तुम्ही पूर्ण वाचलीत ना? तुमचं माझं नातं नाही, ओळख नाही. खरं सांगा. कशी आहे?"

मास्तरांच्या डोळ्यांपुढून पानं गेली. वजनकाट्यांची ती लांबलचक वर्णनं. एक प्रकरण खरोखर सुंदर. मग पुन्हा लांबण. दोनदा लागलेली झोप. चाळीस वर्षं त्यांनी मुलांच्या वह्या तपासल्या होत्या आणि एवढा कठीण पेपर कधी हाती आला नव्हता. त्यांनी मेव्हणीकडे पाहिलं. मावशी चपला घालत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

"चांगली आहे," मास्तर म्हणाले. "छान आहे. लिहीत राहा."

बाईंनी त्यांचा हात सोडला.

"हो," त्या म्हणाल्या. "सगळे असंच म्हणायचे."

आणि अण्णांना कुशीवर वळवायची वेळ झाली होती म्हणून त्या आत गेल्या.